पहिली चूक लहान राहावी म्हणून

‘इनक्युबेटर’, म्हणजे नव्या लहान उद्योगांना जागा आणि मदत देणारं उद्योग-केंद्र, म्हटलं की आज महानगरातल्या काचेच्या इमारती आठवतात. उद्योगांच्या जगात हा शब्द आला तो मात्र एका लहान शहरातून, आणि कोंबडीच्या पिल्लांमुळे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया नावाचं ते शहर आहे. तिथला मॅसी-हॅरिस कंपनीचा शेतीयंत्रांचा अवाढव्य कारखाना बंद पडला आणि साडेआठ लाख चौरस फुटांची इमारत रिकामी झाली. १९५९ साली तिथल्या मँकुसो कुटुंबाने ती ताब्यात घेतली. जोसेफ मँकुसो यांना सगळी इमारत घेणारा एक मोठा भाडेकरू हवा होता. तो मिळाला नाही. मग त्यांनी इमारतीचे गाळे पाडले, लहान उद्योगांना ते भाड्याने दिले आणि त्यासोबत सामाईक कार्यालयीन सोयी, सल्ला आणि भांडवल उभं करायला मदत देऊ केली. सुरुवातीच्या भाडेकरूंमध्ये पिल्लं वाढवणारी एक कंपनी होती. तिच्यावरून गमतीने इमारतीला इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, म्हटलं जाऊ लागलं आणि नाव चिकटलं.

मोठा मिळाला नाही म्हणून लहानांना जागा दिली, हे या गोष्टीचं मूळ आहे. ज्या गावात मोठा कारखाना येण्याची शक्यता नाही, बँकेची शाखा लांब आहे, रस्ता अर्धा कच्चा आहे आणि शिकलेली मुलं बाहेर पडली आहेत, त्या गावाला ही कल्पना आजही जवळची आहे. पण शहरातला नमुना जसाच्या तसा उचलून गावात ठेवला की तो वर्ष-दोन वर्षांत कोमेजतो. कारण शहरात धंदा बुडाला तर माणूस दुसऱ्या गल्लीत जाऊन दुसरं काही सुरू करतो. गावात बुडालेल्या धंद्याला नाव असतं, घर असतं. ‘अमक्याच्या सुनेने यंत्र आणलं होतं, पडून आहे बघा’ हे वाक्य पुढची वीस वर्षं बोललं जातं आणि ते ऐकून आणखी दहा जणी पाऊल मागे घेतात. म्हणून गावातल्या उद्योग-केंद्राचं पहिलं काम मला वाटतं एकच: प्रत्येकाची पहिली चूक लहान ठेवणं. ती लवकर व्हावी, स्वस्तात व्हावी आणि तिची चर्चा होऊ नये. जागा, यंत्र, कर्ज, भाडं हे सगळं या एका कसोटीवर तपासायचं.

पहिले सहा महिने इमारतच घेऊ नये. एक वही आणि चालायला पाय पुरतात. घरोघरी जाऊन ‘तुम्हाला कोणता धंदा करायचाय?’ असं विचारू नका. शेजारी जे चाललेलं दिसतं तेच उत्तर म्हणून येतं, आणि वीस घरांत वीस शिलाई यंत्रं निघतात. त्याऐवजी विचारायचं की गेल्या चार आठवड्यांत काय काय बाहेरून आणलं, किती वेळा, कुठून, आणि ते आणायला किती वेळ गेला. दुरुस्तीला काय पाठवलं? ते परत यायला किती दिवस लागले? गावातून पैसा कुठल्या वाटेने बाहेर जातो, हे या प्रश्नांतून दिसतं. ही विचारपूस दुपारी केली तर फक्त घरी असलेल्यांचीच उत्तरं मिळतात. मजुरीला जाणारे सगळे सुटतात, आणि धंद्याची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते. म्हणून संध्याकाळी जावं, आणि बायकांशी वेगळं बोलावं, कारण घरातल्या मोठ्यांसमोर पैशाबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

याच वहीत गावाचा वर्षाचा तक्ता काढायचा. बारा महिन्यांचे बारा रकाने आणि तीन ओळी: शेतातलं काम किती, हातात रोकड किती, मोकळा वेळ किती. दिसायला हा तक्ता किरकोळ वाटतो, पण अर्धे प्रस्ताव त्याच्यासमोर टिकत नाहीत. ज्या महिन्यात घरात पैसाच नसतो त्या महिन्यात कच्चा माल भरावा लागणारा धंदा बुडतो, मग माल कितीही चांगला असो. कापणीच्या दिवसांत रोज सहा तास मागणारा धंदाही बुडतो, कारण त्या दिवसांत शेत कुणीच सोडत नाही.

गिऱ्हाइकांचा हिशोबही इथेच करावा. गावात चारशे घरं आहेत, चारातलं एक घर महिन्यातून एकदा ती वस्तू घेईल असं धरलं तर महिन्याला शंभर विक्री. दिवसाला तीन-चार. एवढ्यावर एका माणसाची मजुरी निघते का? निघत नसेल तर माल बाहेर न्यावा लागणार, आणि बाहेर नेणं हा निराळा धंदा आहे, त्याचा खर्चही निराळा.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स या समुद्राकाठच्या गावात एर्नेस्टो सिरोली यांनी १९८५ मध्ये लहान उद्योजकांना मदत करायचं जे काम सुरू केलं, त्यात कार्यालय नव्हतं. स्वतःहून कुणाला काही सुचवायचं नाही, ज्याच्या मनात काही आहे त्याने बोलावलं तर जायचं, आणि ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही, अशी ती पद्धत. यातला गुप्ततेचा भाग गावात अतिशय मोलाचा आहे. केंद्राचा माणूस अमक्याच्या ओसरीवर बसलेला दिसला की दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा होते. त्यामुळे त्याला वेगवेगळ्या कारणांनी सगळ्या घरांत जायची सवय लावून घ्यावी लागते.

मग जागा. दीड-दोन हजार चौरस फूट पुरे. वापरात नसलेलं गोदाम किंवा बंद पडलेली शाळा नव्या बांधकामापेक्षा बरी, कारण चुकली तर सोडून देता येते. जागा बघताना चार गोष्टी आधी बघाव्यात. ओल्या हंगामात भरलेला टेंपो दारापर्यंत येतो का? पाणी वर्षभर आहे का, आणि ते तपासून घेतलं आहे का? जमिनीला मोरीकडे उतार आहे का? (शंभर फुटांना एक फूट एवढा तरी हवा, नाहीतर धुतल्यानंतर पाणी यंत्राच्या पायाशी साचतं.) आणि स्वच्छतागृह, त्याला आतून कडी आणि बाहेर दिवा आहे का? ही चौथी गोष्ट आराखड्यात शेवटी येते आणि पैसे संपले की पहिली गळते. ती गळाली की बायका येणं थांबतात. मग ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ असं अहवालात लिहिलं जातं. लहान मुलांना सुरक्षित बसता येईल असा कोपराही याच यादीतला.

विजेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गावातली बहुतेक यंत्रं इथे मरतात. तीन अश्वशक्तीची मोटर म्हणजे साधारण २.२ किलोवॅट. पण थेट सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. लांबून आलेल्या बारीक वायरवर दोन मोटरी एकदम सुरू केल्या की व्होल्टेज कोसळतं. कमी व्होल्टेजवर चालणंही धोक्याचं. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर तेवढंच काम करायला मोटर सुमारे ११ टक्के जास्त करंट घेते, आणि वायंडिंगमधली (मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांतली) उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती २३ टक्क्यांच्या आसपास चढते. महिनाभर हे चाललं की एक दिवस जळल्याचा वास येतो. म्हणून यंत्र घ्यायच्या आधी सात दिवस, दिवसातून तीन वेळा (पहाटे, संध्याकाळच्या भरात आणि रात्री) व्होल्टेज मोजून लिहून ठेवावं. थ्री-फेज जोडणी मिळणार की नाही हे तोंडी आश्वासनावर सोडू नये. ती नसेल तर सिंगल-फेजवर चालणारी लहान यंत्रं घ्यावीत आणि एक पूर्ण वेगात आल्यावरच दुसरं सुरू करायचं, असं भिंतीवर लिहावं. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारं साधन) आणि नीट केलेलं अर्थिंग यांत काटकसर करू नये.

आत प्रत्येकाला सहा बाय आठ फुटांचा जाळीचा आणि कुलुपाचा गाळा द्यावा. सामाईक साठवणीची खोली ठेवली की तिसऱ्या आठवड्यात ‘माझं पोतं हललं’ हे भांडण सुरू होतं, आणि गावातलं भांडण केंद्रापुरतं राहत नाही, ते घरापर्यंत जातं.

भाडं घ्यावंच. फुकट गाळ्यात धंदा राहत नाही, मोडकं सामान राहतं. पहिले सहा महिने आजूबाजूच्या दराच्या पाव, मग अर्धं, मग पाऊण, दीड वर्षानंतर पूर्ण, आणि तीन वर्षांनंतर दरापेक्षा चढं. म्हणजे बाहेर पडणं आपोआप सोयीचं होतं. ही शिडी पहिल्या दिवशी कागदावर सही घेऊन सांगायची. नंतर सांगितली तर ती हकालपट्टी वाटते.

कुणाला घ्यायचं? व्यवसाय-आराखडा मागू नये. तो लिहिता येणाऱ्याचा फायदा होतो, विकता येणाऱ्याचा नाही. त्याऐवजी एक छोटं काम द्यावं: पंधरा दिवसांत आपली वस्तू किंवा सेवा नातेवाईक नसलेल्या दहा जणांना रोखीत विकून दाखवा. जे करून येतात ते पुढे टिकण्याची शक्यता बरीच असते. जे येत नाहीत त्यांची चूक पंधरा दिवसांत आणि दहा नगांत संपली, कुणाला कळलंही नाही. पहिल्या तुकडीत सहा ते आठ जण पुरेत, आणि एकाच धंद्यातले दोनापेक्षा जास्त नकोत. चारशे घरांच्या गावात पाच शिंपी बसवले तर ते एकमेकांचे दर तोडतात आणि वर्षअखेरीस पाचही उठतात.

यंत्राची घाई सगळ्यांनाच असते. देणगीदारालाही, कारण यंत्रासोबत फोटो काढता येतो. पण नियम असा हवा की तीन गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा मागणी केल्याशिवाय यंत्र नाही. तोवर हाताने करा, भाड्याने घ्या, बाहेरून करून आणा. यंत्र निवडताना त्याचा वेग दुय्यम मानावा. त्याचे पट्टे, बेअरिंग आणि कपॅसिटर एका दिवसाच्या प्रवासात मिळतात का, हे आधी बघावं. मिळत असले तरी प्रत्येक मापाचे दोन पट्टे, बेअरिंगचा एक संच, फ्यूज आणि कपॅसिटर कपाटात हवेतच. यंत्राशेजारी वही टांगावी: किती तास चाललं, ग्रीस कधी दिलं, आवाज कधी बदलला. सामाईक यंत्राची पाळी दोन तासांची असेल तर त्यापुढचा अर्धा तास स्वच्छतेसाठी राखून ठेवावा. भांडणं यंत्रावरून क्वचित होतात, आधीच्याने ते घाण सोडलं यावरून रोज होतात.

खाण्याचा माल करणाऱ्यांसाठी दोन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवेत. वाळवलेल्या मालाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे बुरशी-जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचं माप, ०.६० च्या खाली गेलं की बुरशी वाढत नाही. आणि हवाबंद बाटलीतल्या ओल्या पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका मोठा तितका पदार्थ कमी आंबट) ४.६ च्या वर असेल तर नुसतं उकळून भागत नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात, ते मारायला दाबाखालची जास्त उष्णता लागते. वाळवणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे लवकर व्हावं म्हणून सुरुवातीलाच तापमान चढवणं. फोडीचा बाहेरचा थर कडक होऊन बंद होतो, आतलं पाणी आतच राहतं, हाताला माल कोरडा लागतो आणि तीन आठवड्यांनी पाकिटात बुरशी दिसते. तोवर शंभर पाकिटं विकली गेलेली असतात. म्हणून ५५ ते ६० अंश सेल्सिअसला सावकाश सुरुवात, सारख्या जाडीच्या फोडी, आणि पहिली खेप वीस पाकिटांची. ती महिनाभर केंद्राच्या फळीवर ठेवायची, दर आठवड्याला एक फोडून बघायचं, आणि मगच दोनशेची खेप.

सगळ्यात जास्त वेळ मात्र हिशोबाला द्यावा. चलन कुठलंही असो, विक्रीची किंमत शंभर धरा. कच्चा माल ४६, वेष्टन ९, इंधन आणि वीज ७, वाहतूक १२, फुटतूट ५. झाले ७९. उरले २१. करणारी बाई खूश असते, तिच्या मते हा नफा आहे. पण एका नगाला तिचा जेवढा वेळ जातो तेवढ्या वेळाची मजुरी बाहेर २५ मिळत असेल, तर प्रत्येक नगामागे ती ४ गमावते आहे. विक्री दुप्पट झाली की तोटाही दुप्पट. हे तिला कागदावर, तिच्याच आकड्यांतून दिसावं लागतं. दुसऱ्याने सांगितलं तर ते हिणवल्यासारखं वाटतं.

आता याच हिशोबात चौघींनी मिळून एकच गाडी केली तर वाहतूक १२ वरून ३ वर येते. उरतात ३०, मजुरी जाऊन ५ हातात. यंत्र तेच, कौशल्य तेच, फक्त मंगळवारी निघणारी एक गाडी. सामाईक यंत्रापेक्षा सामाईक वाहतूक आणि सामाईक खरेदी गावातल्या केंद्राला जास्त तारते असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी पैसे मंजूर होतात.

नफा असूनही धंदा बंद पडतो तो उधारीने. आठवड्याला शंभराची विक्री, त्यातला माल पन्नासाचा, तो रोखीने घ्यायचा आणि दुकानदार पैसे देणार सहा आठवड्यांनी. म्हणजे पहिला पैसा हातात येण्याआधी नुसत्या कच्च्या मालात तीनशे अडकले. मागणी दुप्पट झाली की सहाशे. वाढता धंदा असा पैशावाचून गुदमरतो, आणि कुणाला कारण कळत नाही. त्यासाठी तेरा आठवड्यांचा रोकड-तक्ता पुरतो: दर आठवड्याला काय येणार, काय जाणार, शेवटी काय उरणार. एखाद्या आठवड्याखाली उणे आकडा आला तर तो आठवडा उजाडण्याआधी काहीतरी करायला वेळ असतो.

गावातली उधारी आणखी अवघड, कारण नाही म्हणायचं ते नात्यातल्याला. इथे केंद्राने वाईटपणा स्वतःकडे घ्यावा. ‘आठवड्याच्या विक्रीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उधारी नाही, केंद्राचा नियम’ अशी छापील पाटी प्रत्येकाला द्यावी. चुलत सासूबाईंना नाही म्हणणं शक्य नसतं, पाटीकडे बोट दाखवणं शक्य असतं.

भांडवल किती लागतं याबद्दल भीती बरीच असते. १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले होते. कच्चा माल विकत घेण्याएवढ्याच पैशांची त्या लोकांना अडचण होती. केंद्राच्या फिरत्या निधीतलं (फेडीचे पैसे पुन्हा कर्जाला वापरायचे अशा निधीतलं) पहिलं कर्ज असंच मोजकं असावं, चार आठवड्यांच्या कच्च्या मालाएवढं, आणि परतफेड आठवड्याला. ते फिटलं तर दुसरं दुप्पट. मात्र सल्ला देणारा आणि कर्ज मंजूर करणारा माणूस कधीही एक असू नये. ज्याच्याकडून पैसे घ्यायचेत त्याला कुणी विक्री घसरल्याचं सांगत नाही. आणि सल्लागाराला ते कळलं नाही तर तो असून नसल्यासारखाच.

तो सल्लागार, म्हणजे केंद्राचा व्यवस्थापक, एका वेळी बारा ते पंधरा उद्योगांपलीकडे लक्ष देऊ शकत नाही. प्रत्येकाला आठवड्याला एक तास, वहीतले आकडे समोर ठेवून, उठताना पुढच्या आठवड्याची दोन-तीन कामं लिहून. त्याचा पगार भाड्यातून निघत नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करावं. गावातल्या भाड्यातून दिवे, पाणी, डागडुजी भागते. अनुदान तीन वर्षांचं असलं की चौथ्या वर्षी कुलूप लागतं ते याच कारणाने. त्यावर उपाय म्हणजे जागेचा तिसरा हिस्सा आरंभापासून पूर्ण भाडं देणाऱ्या कायमच्या भाडेकरूला द्यायचा: दवाखाना, बँकेचा काउंटर, टपाल, जे गावात नाही आणि हवं आहे ते. त्यांच्याकडे येणारी माणसं गाळ्यांसमोरून जातात, हा वरचा फायदा.

आणि बंद करण्याची रीत. सुरू करण्याचे फॉर्म सगळीकडे असतात, बंद करण्याचा कुठेच नसतो. प्रवेशाच्या वेळीच रेघ ठरवावी: विसाव्या आठवड्यात विक्री अमुक एका आकड्याच्या खाली असेल तर थांबायचं. रेघ आधी आखलेली असली की थांबणं ही हार राहत नाही, ठरल्याप्रमाणे झालेली गोष्ट ठरते. मग दोन आठवड्यांत उरलेला माल विकायचा, यंत्र परत करायचं, कर्जाचे हप्ते लहान करून नव्याने लिहायचे, गाळा धुऊन किल्ली द्यायची. अहवालात किती जणांना प्रशिक्षण दिलं हा आकडा मोठा दिसतो. त्यापेक्षा बाहेर पडून दोन वर्षं झाल्यावर किती चालू आहेत आणि किती जण ठरल्या रेघेवर कर्जाशिवाय थांबले, हे दोन आकडे लिहावेत.

थांबलेल्याची वही, त्याची हरकत नसेल तर, केंद्राच्या कपाटात ठेवावी. कुठल्या दुकानाने किती दिवसांनी पैसे दिले, कुठल्या महिन्यात माल पडून राहिला, कुठला पट्टा किती तासांनी तुटला, सगळं त्यात असतं. तोच धंदा करायला पुढचा माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोर आधी ती वही ठेवायची, आणि शेजारी, तो तयार असेल तर, ती लिहिणाऱ्यालाच बसवायचं.